उंदीर बरा झाला, पुढे काय?

गारखेड्यातून आजचा भाग. 'लेसरने कॅन्सर गायब' असा फॉरवर्ड तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आला असेल. घरात पेशंट असेल तर असला मेसेज वाचून झोप लागत नाही. आणि आत कुठेतरी एक शब्द लपलेला असतो : उंदरांमध्ये. तर आज या उंदरांची गोष्ट.

सुरुवात मात्र उंदरांची नाही. 1900 च्या सुमाराला म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी पॅरामेशियमवर, म्हणजे तळ्याच्या पाण्यातल्या एकपेशीय जीवावर, अॅक्रिडीन हा रंग टाकून बघत होता. रंग तोच, प्रमाण तेच, पण कधी ते लवकर मरायचे, कधी बराच वेळ जगायचे. फरक निघाला उजेडाचा. पुढे त्याचे गुरू फॉन टापायनर यांनी दाखवलं की ऑक्सिजनही लागतो. आमच्या कोडिंगच्या भाषेत ही 'अँड' कंडिशन झाली : औषध, उजेड, ऑक्सिजन. एक जरी नसलं तरी काहीच होत नाही.

मग व्हिएन्नात हाउसमान यांनी पांढऱ्या उंदरांना हिमॅटोपॉर्फिरिन टोचलं. अंधारातले उंदीर ठीक राहिले, उजेडातले मेले. 1912 मध्ये मायर-बेट्झ या डॉक्टरांनी तर स्वतःलाच 200 मिलिग्रॅम टोचून घेतलं आणि उन्हात गेल्यावर तोंड भयंकर सुजलं. (हे घरी करू नका, हे सांगायला लागू नये!)

कॅन्सरच्या बाबतीत खरं वळण आलं 1975 ला. अमेरिकेतल्या बफेलोमध्ये थॉमस डोहर्टी यांच्या गटाने औषध आणि लाल उजेड वापरून उंदरांच्या गाठी बऱ्या केल्या. गंमत म्हणजे तेव्हा वापरला होता साधा दिवा, समोर लाल फिल्टर. लेसर नंतर आला. त्याचं खरं काम गाठ जाळणं नाहीच. बारीक फायबरमधून उजेड आत, नेमक्या जागी पोचवणं.

आता आपल्याकडे या. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात, होळकरांचंच गाव म्हणून मी त्याला आपल्यातच धरतो, उंदराऐवजी हॅमस्टर निवडला गेला. हॅमस्टरच्या गालात दाणे साठवायची पिशवी असते. तिला रसायन लावून तोंडाच्या कॅन्सरसारखी गाठ तयार करतात. आपल्या पानटपऱ्या आठवा, म्हणजे हीच जागा का, ते कळेल. औषध होतं क्लोरिन पी-6, झाडांच्या हरितद्रव्यापासून केलेलं. 2006 मध्ये त्याचे निकाल छापून आले. लहान गाठींवर परिणाम चांगला दिसला.

लहान! सगळं तिथेच अडतं. लाल उजेड शरीरात काही मिलिमीटर, फार तर सेंटीमीटरभर जातो. उंदराची गाठ कातडीखालीच असते, त्यामुळे उजेड तिच्या तळापर्यंत पोचतो. माणसाची यकृतातली किंवा शरीरभर पसरलेली गाठ अशी समोर येत नाही. म्हणून 1975 च्या उंदरांनंतर पहिली सरकारी मंजुरी यायला 1993 उजाडलं. कॅनडात, फोटोफ्रिन या औषधाला, मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी. म्हणजे जिथे नळीतून उजेड नेता येतो तिथेच. नंतर अन्ननलिका आणि श्वासनलिकाही त्यात आल्या.

हाउसमानच्या उंदरांचं जे झालं, ते फोटोफ्रिन घेतलेल्या पेशंटलाही सुटत नाही. किमान तीस दिवस ऊन आणि प्रखर दिवे टाळायचे असतात. आपल्या मराठवाड्यात, मे महिन्यात, हे कसं जमवायचं?