न ओढलेल्या विडीचा आजार

१/ १९५०चे दशक. दिल्लीतील रुग्णालयांत धाप लागलेल्या, पाय सुजलेल्या, ओठ निळसर पडलेल्या स्त्रिया येत. निदान होई ‘कॉर पल्मोनाले’चे : वर्षानुवर्षे खराब होत गेलेल्या फुप्फुसांमुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर पडणारा ताण. पाश्चात्त्य वैद्यकात या आजाराची सांगड प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्या पुरुषांशी घातली जाई.

२/ लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ साली एका सहकाऱ्यासह १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रियांत धूम्रपान अत्यल्प, तरीही आजाराचे प्रमाण जवळजवळ पुरुषांइतकेच. शिवाय तो त्यांना कमी वयात गाठत होता. संशयाची सुई चुलीकडे वळली : गोवऱ्या, काटक्या आणि धुराला वाट नसलेले स्वयंपाकघर.

३/ धुराशी झुंज याआधीच सुरू झाली होती, पण दवाखान्याबाहेर. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी ‘मगन चूल’ घडवली. हैदराबादेत अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३मध्ये निर्धूर स्वयंपाकघरांवर पुस्तिकाच लिहिली. दोन्ही चुली मातीच्या, धुराडे असलेल्या. डॉक्टर आणि चूल घडवणारे एकाच प्रश्नाच्या दोन टोकांना उभे होते.

४/ पुढे प्रश्नच बदलला. १९७०च्या दशकात जळणाची टंचाई आणि जंगलतोड यांची चिंता वाढली. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२पर्यंत ३ कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. धूर कमी करणे हेही उद्दिष्ट होते, पण भर राहिला लाकूड वाचवण्यावर. झाड मोजले गेले. फुंकणी फुंकणारीचा श्वास कोण मोजणार? बऱ्याच चुली भेगाळल्या, धुराडी तुंबली आणि घरात पुन्हा जुनी चूल पेटली.

५/ तो श्वास मोजला गेला, तोही याच सुमारास. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील ४ गावांत ३६ स्त्रियांच्या अंगावरच हवेचे नमुने घेणारी उपकरणे बसवली. स्वयंपाक करताना त्यांच्या श्वासाभोवतीच्या हवेत दर घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम कण आढळले. हा अभ्यास प्रसिद्ध झाला १९८३मध्ये, म्हणजे चूल कार्यक्रमाच्याच वर्षी!

६/ १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली. गॅसची जोडणी घरातील स्त्रीच्या नावावर मिळू लागली. पुढची टाकी भरणे मात्र अनेकींना परवडेना. २०२०मध्ये पद्मावती वयाच्या १०३व्या वर्षी निवर्तल्या, तेव्हाही कित्येक खेड्यांत गॅसच्या शेगडीशेजारी चूल पेटत होती.