फाटलेला हिशेब कॉम्प्युटर कसा जोडतो?

व्हॉट्सअ‍ॅपवर आपण मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करतो ना? मध्ययुगात कैरोचे ज्यू व्यापारी असंच करायचे. भाषा अरबी, लिपी हिब्रू! देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, या श्रद्धेपोटी जुने कागद बेन एझ्रा सिनेगॉगच्या कोठीत ठेवले जात. तिला म्हणतात गेनिझा. त्यांत हिशेब आणि मालाच्या याद्याही साठल्या. बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याचे कागदही त्यात आहेत.

१८९६-९७ मध्ये सोलोमन शेख्टर यांनी सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले. बाकीचे देशोदेशी पांगले. त्यामुळे एकाच पानाचे दोन तुकडे दोन देशांत! इथे सॉफ्टवेअर कामाला येतं. फोटोवरून ते कागदाचं माप, ओळींमधलं अंतर, अक्षराचं वळण तपासतं आणि जोड्या सुचवतं. जोडी खरी की नाही, हे मात्र जाणकारच ठरवतो.

आपल्याकडचे जुने हिशेब मोडीत आहेत. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे ती टाइप करता येते. पण हस्ताक्षर वाचायला कॉम्प्युटरला शिकवायचं तर भरपूर नमुने लागतात.

मी म्हसवडचा. आमच्याकडे काय किंवा तुमच्या गावी काय, माळ्यावर मोडी चोपडी सापडली तर रद्दीत घालू नका. उजेडात, फिल्टरशिवाय प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. चारही कडा दिसू द्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. सेलोटेप अजिबात लावू नका. आणि फोटो काढले म्हणून मूळ वही टाकू नका!