लेखनसीमा आणि सरकपट्टी

जुन्या मोडी कागदपत्रांशीं ज्यांचा थोडासा परिचय आहे, त्यांस हें ठाऊक असेल कीं, त्या काळीं मजकुराइतकीच काळजी मजकूर संपल्याच्या खुणेची घेत. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस मर्यादेची स्वतंत्र मुद्रा उमटविलेली दिसते. पुढें पेशवाईंत ‘लेखनसीमा’ हा शब्द कोरलेला लहानसा शिक्का आढळतो. हेतु उघड आहे. शिक्क्याखालीं कोणी एखादी ओळ वाढविली तर ती खोटी ठरावी. पण याच खुणेचा दुसराही एक उपयोग होता. लांबलचक कागद उलगडीत बसलेल्या वाचकास, पत्र येथें संपलें, हें तिच्यावरून निःसंशय कळे. पोथीची गोष्ट तर आणखी सोपी. पानें किती राहिलीं हें पारायण करणारास डोळे मिटूनही समजतें. शिवाय समासांत पत्रांक असतोच.

संगणकाचा पडदा म्हणजे पोथी सोडून पुन्हा गुंडाळीकडे जाणें होय; आणि या गुंडाळीचा न उलगडलेला भाग हातालाही लागत नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं पडद्याच्या कडेला सरकपट्टी आली. स्क्रोलबार म्हणतात ती हीच. तिचा इतिहास मोठा मौजेचा आहे. ती लपविण्याची टूम अगदीं नवी असें पुष्कळांस वाटतें. परंतु झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या दशकांत तयार झालेल्या स्मॉलटॉक प्रणालींत ती लपलेलीच असे; बाण चौकटींत नेला म्हणजे प्रकट होई. त्याच कंपनीच्या १९८१ सालच्या ‘स्टार’ यंत्रानें आणि १९८४ च्या मॅकिंटॉशनें तिला कडेची कायमची जागा दिली. पुढें तर पट्टीवरील ठोकळ्याची लांबीही मजकुराच्या प्रमाणांत कमीजास्त होऊं लागली, म्हणजे किती वाचलें आणि किती उरलें हें एका दृष्टिक्षेपांत कळावें.

२००७ सालीं आयफोन आला. तळहाताएवढा पडदा, आणि कागद बोटानेंच पुढें सारावयाचा. तेथें पट्टीचा संकोच झाला यांत नवल नाहीं. पण २०११ सालीं ॲपलनें तीच रीत मोठ्या पडद्याच्या संगणकांसही लावली. जागेचा तुटवडा नसतां केवळ नेटकेपणासाठीं खूण पुसणें आम्हांस पटत नाहीं.

माळशिरसांत आमचे एक वयोवृद्ध शेतकरी स्नेही आहेत. कर्जाच्या अटी त्यांनीं फोनवर अक्षर न् अक्षर वाचल्या. परिच्छेद संपला तेथेंच पडदाही संपला. खालीं कोरी जागा, तिच्याखालीं संमतीचें बटण. त्यांनीं तें दाबलें. दंडाची अट त्या चौकटींतच, दोन बोटें सरकविल्यावर दिसणारी होती. न वाचतां सही केली, असा ठपका मात्र त्यांच्यावर आला. त्यांनीं तर सगळें वाचलें होतें. सगळें म्हणजे किती, एवढेंच कोणी त्यांना दाखविलें नव्हतें.

कवितेच्या किंवा चित्राच्या पानावर पट्टी नको, असें कोणी म्हटल्यास आमची हरकत नाहीं. तेथें खालचें राहून गेलें तर वाचकाचा आनंद तेवढा उणा होईल, शेत गहाण पडणार नाहीं. जेथें वाचणारा बांधला जातो तेथें ती सदैव दिसलीच पाहिजे. पालखीच्या दिवसांत नातेपुत्याहून माळशिरस, वेळापूर करीत पंढरीकडे निघालेला वारकरी रस्ता चुकणार नसतो. तरी वाटेवरचे मैलाचे दगड कोणी सौंदर्यासाठीं उपटून टाकीत नाहींत.

मॅकवर आणि विंडोजवर पट्टी कायम दाखविण्याची सोय सेटिंग्जमध्यें ठेवलेली आहे. परंतु ती शोधावयाची कोणीं? ज्याला खूण हवी होती हेंच ठाऊक नाहीं, त्यानें? आमच्या स्नेह्यांनीं आपल्यापुरती तोड काढली आहे. आतां कोणताही कागद फोनवर आला कीं, आधीं तो बोटानें वर ढकलीत राहतात, तो हलेनासा होईपर्यंत. आणि मगच चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून वाचूं लागतात.