माणूस बघून घेतला : बडोद्याच्या तीन नेमणुका आणि माझी एक चूक



गेल्या आठवड्यात नातू मुलाखतीला निघाला होता. बूट पुसता पुसता म्हणाला, "आजोबा, मार्क आहेत हो, पण तिथे पर्सनॅलिटी बघतात." मी बँकेत पस्तीस वर्षं काढली, मुलाखतीच्या पॅनलवरही बसलो. त्याला 'सगळं नीट होईल' म्हणून पाठवलं, पण नंतर डोक्यात आपलं बडोदंच घोळत राहिलं. शिक्षण बघायचं की माणूस, हा प्रश्न आपल्या या शहराला जुना आहे.

पहिली निवड खुद्द सयाजीराव महाराजांचीच. १८७५ साली मल्हारराव गादीवरून गेले आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब दत्तक घ्यायला मुलगा शोधत होत्या. नाशिककडच्या कवळाण्याहून तीन मुलं आणली. कशाला आलात, असं विचारल्यावर गोपाळ म्हणाला की राज्य करायला आलोय. ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी आजीकडून ऐकली असेल. बारा वर्षांचं शेतकऱ्याघरचं पोर, अक्षरओळखही जेमतेम. म्हणजे बायोडाटा कोराच! पण नुसत्या धिटाईवर भागवलं नाही हं. इलियटसाहेबांच्या हाताखाली सहा वर्षं कसून अभ्यास झाला, तेव्हा कुठे डिसेंबर १८८१ मध्ये पूर्ण अधिकार मिळाले.

दुसरी अरविंद घोषांची. १८९० च्या आय.सी.एस. परीक्षेत त्यांचा अकरावा नंबर होता. पुढे घोडेस्वारीच्या परीक्षेला ते हजरच झाले नाहीत आणि सरकारने त्यांना नापास केलं. महाराज त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. जेम्स कॉटन नावाच्या स्नेह्यांनी गाठ घालून दिली आणि महिना दोनशे रुपयांवर नेमणूक झाली. सनदी नोकरीच्या तोडीचा माणूस दोनशे रुपयांत मिळाला, असं महाराज कौतुकाने सांगत. १८९३ च्या फेब्रुवारीत अरविंदबाबू हिंदुस्थानात परतले. आधी जमीनमोजणीच्या खात्यात, मग महसुलात आणि शेवटी कॉलेजात फ्रेंच-इंग्रजी शिकवायला. दरबाराने माणूस आधी घेतला आणि त्याला शोभेल अशी जागा नंतर शोधली. दांडिया बाजारातल्या खासेराव जाधवांच्या ज्या घरात ते राहिले, त्यावरून आपण आजही येतो-जातो.

तिसरी गोष्ट सांगायला जड जाते. १९१३ साली महाराजांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. बाबासाहेब कोलंबियाचे एम.ए. होऊन, लंडनला अर्थशास्त्र शिकून १९१७ मध्ये बडोद्याला रुजू झाले. पुढे त्यांना अर्थखात्यात मोठं पद द्यायचं महाराजांच्या मनात होतं. शिक्षण होतं, बुद्धी होती, धन्याची पारख होती. पण कचेरीतले शिपाई कागद दुरून टाकत. गावात राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथूनही बाहेर काढलं. तो दिवस त्यांनी कमाटीबागेत बसून काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्या काळच्या कचेऱ्यांत आपली मराठी मंडळी भरपूर होती. आपण सयाजीरावांचा अभिमान सांगतो, तेव्हा हेही आपलंच म्हणायला हवं. हुकूम महाराजांनी काढला, पण शेजारच्या टेबलावरच्यांनी तो मानला नाही.

आता माझं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका भरतीत मी पॅनलवर होतो. दाहोदकडचा एक मुलगा आला. लेखी परीक्षेत वरच्या नंबरात. सांगितल्याशिवाय खुर्चीवर बसेना, वर बघेना, इंग्रजी तुटक. मी सगळ्यांना विचारायचो तोच प्रश्न विचारला, "संध्याकाळी कॅश कमी भरली तर काय कराल?" आधीची चटपटीत मुलं म्हणाली होती, खिशातून भरून टाकू. हा हळूच म्हणाला, "पहेलां साहेबने कहीश, पछी फरी गणीश." आधी साहेबांना सांगेन, मग पुन्हा मोजेन.

त्या दिवशीचं ते एकमेव बरोबर उत्तर होतं. गुपचूप खिशातून भरणारा उद्या गुपचूप काढेलही, हे कॅशवर बसलेला कोणीही सांगेल. तरी 'व्यक्तिमत्त्व' या रकान्यात मी त्याला फार कमी मार्क दिले. त्याची मान खाली होती म्हणून. तो राहिला. चहाच्या वेळेलाच मला कळलं होतं की आपलं चुकलं, पण सही झाली होती आणि 'पुन्हा बघू या' म्हणायचं धाडस मला झालं नाही.

आता बँकांच्या क्लार्कभरतीत मुलाखतच उरली नाही. काहींना ते खटकतं. मला मात्र त्या मुलाची आठवण आली की वाटतं, माझ्यासारख्यांमुळेच गेली असेल. माणूस जरूर बघावा, पण त्या कामाला जे लागतं ते बघावं. कॅशवर बसणाऱ्याचा प्रामाणिकपणा बघायचा होता, मी बघितली त्याची मान.

संध्याकाळी नातू आला. म्हणाला, "विचारलेलं येत नव्हतं, तर येत नाही म्हणून सांगितलं." म्हटलं, छान केलंस.

तुमच्या घरात कोणी दरबारात, रेल्वेत, मिलमध्ये नोकरीला होतं का? त्यांची निवड कशी झाली, काय विचारलं होतं, ते जरूर लिहा. आणि निवड करताना तुमच्या हातून असं काही झालं असेल, तर तेही लिहा.