निरंक आणि कोरे : अहवालातील रिकाम्या जागेचा इतिहास

मराठी कार्यालयीन व्यवहारात रकान्यात ‘निरंक’ लिहिणे आणि रकाना कोरा सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात सांगण्यासारखे काही घडले नसल्याचे कळवलेले असते, दुसऱ्यात काही कळवलेलेच नसते. संगणकावरील माहितीसाठ्यांना हा भेद पेलायला बराच काळ लागला आणि अहवालांच्या गणितात तो अजूनही पुरता पेललेला नाही.

सारी माहिती ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत ठेवण्याची रिलेशनल पद्धत आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली, आणि १९७९ च्या निबंधात अज्ञात मूल्यासाठी ‘नल’ ही खूण घेऊन त्यांनी खरे व खोटे यांच्या जोडीला ‘अज्ञात’ हे तिसरे उत्तर तर्कात आणले. १९९० च्या ग्रंथात त्यांनी या खुणेचे दोन प्रकार केले : मूल्य आहे पण हाती नाही, आणि मूल्य तेथे लागूच होत नाही. व्यवहारात रुळलेल्या एसक्यूएल भाषेत मात्र नल एकच राहिला, आणि ही हानी लहान नव्हती. पाचात नल मिळवला की उत्तर नल येते, हे तर्काला धरून आहे. पण रकान्याची बेरीज नल वगळून होते, आणि निवडीनंतर एकही ओळ उरली नाही तर मोजणी शून्य दाखवते नि बेरीज नल.

१९९३ मध्ये कॉड व सहकाऱ्यांनी वस्तू, ठिकाण, महिना अशा अनेक अंगांनी आकडे पाहण्याच्या विश्लेषणासाठी बारा नियम सांगितले, त्यांत विरळ माहिती हाताळण्याचाही एक होता, कारण प्रत्येक वस्तू प्रत्येक ठिकाणी दर महिन्याला विकली जात नाही आणि बहुतेक घरे रिकामीच राहतात. येथे रिकामेपणाचा अर्थ ‘अज्ञात’ नसून ‘काही घडले नाही’ असा होतो.

मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये पॉवरपिव्हटबरोबर आणलेली आणि पुढे पॉवर बीआयमध्ये गेलेली डॅक्स ही सूत्रभाषा याच दुसऱ्या अर्थाकडे झुकते. तिच्यातील ‘मेजर’ म्हणजे साठवलेला आकडा नसून वाचकाने लावलेल्या फिल्टरनुसार दरवेळी नव्याने होणारे गणित. त्यातील ‘ब्लँक’ बेरीज-वजाबाकीत शून्यासारखा वागतो, गुणाकारात ब्लँकच राहतो, आणि ज्या ओळीतील सर्व मेजर ब्लँक आहेत ती ओळ अहवालात सहसा दिसतच नाही. हजारो निरर्थक ओळी त्यामुळे टळतात, म्हणून हा निर्णय शहाणपणाचाच म्हटला पाहिजे.

त्याची किंमत वाढीच्या टक्केवारीत दिसते. एखाद्या शाखेची गेल्या डिसेंबरची विक्री ४०,००० रुपये असेल आणि यंदाचा डिसेंबर अजून उजाडायचा असेल, तर ब्लँकमधून ४०,००० वजा होऊन उणे ४०,००० उरतात, आणि भागाकारानंतर न आलेल्या महिन्यापुढे उणे १०० टक्के असा सपशेल खोटा आकडा उभा राहतो. म्हणून दोन्ही वर्षांची मूल्ये ब्लँक नाहीत हे ‘इझब्लँक’ने आधी तपासून मगच वजाबाकी करावी लागते. याउलट, कोरी घरे डोळ्यांना खुपतात म्हणून मेजरच्या शेवटी शून्य मिळवण्याची सवय पुष्कळांना आहे, आणि अशा अहवालात ज्या शाखा त्या वर्षी उघडल्याही नव्हत्या, त्यांच्या नावापुढेही बाराही महिने शून्य विक्री नोंदलेली दिसते.