वैशाखात ‘उबदार जागा’ कशाला?

दही लावायची कृती कुठल्याही पुस्तकात पाहा. दूध कोमट करा, विरजण लावा, उबदार जागी ठेवा, एवढं सांगून ती संपते. आंबील, इडलीचं पीठ, डोशाचं पीठ, सगळ्यांचा शेवट हाच. यामागे एक पक्का समज आहे: आंबायला ऊब लागते, आणि ऊब जितकी जास्त तितकं काम लवकर आणि चांगलं होतं. परभणीहून पूर्णेकडे जाताना लागणाऱ्या पिंगळीत हा समज वर्षातले दोन-तीन महिने सरळसरळ चूक ठरतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या घरात दुपारी त्याहून वर. अशा घरात ‘उबदार जागी ठेवा’ हा सल्ला म्हणजे दही आंबट करायचीच कृती आहे.

या समजाला आधारच नाही असं मी म्हणणार नाही. परभणीची थंडी मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांखाली उतरतो आणि तेव्हा ओट्यावर ठेवलेलं दूध सकाळपर्यंत दूधच राहतं. शिवाय योगर्टचे कारखाने ४२-४३ अंशांनाच दूध विरजतात, हा दाखला कुणीही देऊ शकेल. दाखला खरा आहे, पण अर्धा. कारखान्यात चार-पाच तासांत हवा तेवढा आंबटपणा आला की लगेच थंड करायची सोय असते. पिंगळीच्या स्वयंपाकघरात सकाळी लागलेलं दही दुपारभर त्याच उकाड्यात बसतं आणि आतलं काम थांबत नाही. सामू ४.६ च्या आसपास आला की दुधातलं केसिन गोठतं, दही लागतं. तो त्याच्या बराच खाली गेला की गोठलेला गोळा आकसतो आणि पाणी सुटतं. मे महिन्यातल्या दह्यावरचं हिरवट पाणी ते हेच.

मूळ चूक मात्र याहून खोल आहे. उष्णतेने काम फक्त वेगाने होतं असं धरून आपण चालतो. पण काम कोणी करायचं हेही उष्णताच ठरवते. घरच्या विरजणात एका जातीचे जंतू नसतात. लॅक्टोकोकस आणि ल्यूकोनोस्टॉक यांना पंचवीस ते तीस अंश मानवतात. दह्याचा लोण्यासारखा गोड वास प्रामुख्याने त्यांच्या कामातून येतो, आणि चाळिशीजवळ ते ढेपाळतात. स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस यांची चलती चाळीस ते पंचेचाळीस अंशांत असते. यातला दुसरा तर दही लागून गेल्यावरही आम्ल करतच राहतो. तेव्हा जानेवारीचं दही आणि मेचं दही ही एकाच कामाची मंद आणि जलद रूपं नव्हेत. ती वेगवेगळ्या कामकऱ्यांची कामं आहेत.

हे ज्ञान सर्वांत महाग किमतीला शिकले ते बिअर करणारे. बव्हेरियात १५५३ साली हुकूमच निघाला की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायची नाही, कारण उन्हाळ्यातली बिअर नासत असे. यीस्टचं कार्य तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, पण ऋतूचा परिणाम सगळ्यांना दिसत होता. पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेने शीतयंत्र आणलं, १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं, आणि ऋतूची ती सक्ती सुटली. लागर बिअरचं यीस्ट आठ ते तेरा अंशांत काम करतं. बिअरच्या बहुतेक यीस्टना पंचविशीच्या फार वर नेलं तर उग्र वासाची जड अल्कोहोलं तयार होतात. म्हणून थंडच बरं, असंही नाही. नॉर्वेतल्या शेतकऱ्यांचं क्वाइक यीस्ट पस्तिशीच्या वरही स्वच्छ काम करतं. दक्षिण आफ्रिकेतली ज्वारीची बिअर तर आपल्याला जास्त जवळची, कारण धान्य तेच. तिथले कारखाने ज्वारी आधी ४८ ते ५० अंशांना मुद्दाम आंबट करतात आणि मग तिशीच्या आत निववून यीस्टच्या हवाली करतात. एकाच धान्याला दोन कामांसाठी दोन तापमानं, तीही ठरवून. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे आणि मी तसं सुचवतही नाही. पण तिथला धडा दह्याला आणि आंबिलीला पुरेपूर लागू आहे.

आता ‘कोमट’ या खुणेकडे पाहू. बोट सोसेल इतकं दूध म्हणजे साधारण चाळीस अंश. पौषात ते दूध तास-दोन तासांत तिशीखाली येतं, म्हणजे नकळत वासाच्या जंतूंच्या टापूत येऊन बसतं. वैशाखात तेच दूध अडतीस अंशांच्या खोलीत ठेवलं तर ते उतरणार कुठे? सुरुवात तीच, पुढचा प्रवास पूर्ण निराळा. जुन्या बायकांचा हात चुकत नव्हता, हे मला मान्य आहे. पण तो हात माळवदाच्या घरात घडला. मातीच्या जाड छताखाली दुपारची उष्णता आत पोचायला वेळ लागे. घर पत्र्याचं झालं आणि कृती जुनीच राहिली.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे विरजण कमी घालणं. हिशेब करून पाहा. विरजण निम्मं केलं तर जंतूंना एकदाच जास्त दुप्पट व्हावं लागतं, आणि या उकाड्यात त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. एवढ्या उसंतीने दही गोड राहत नाही. फ्रीजही इथे उपयोगाचा नाही. चार अंशांना विरजण जवळजवळ निपचित पडतं. लागलेलं दही टिकवायला फ्रीज उत्तम, पण दही लावायला नाही.

खरा उपाय स्वस्त आहे. दूध आधी पूर्ण निववायचं, बोटाला गारसर लागेपर्यंत. विरजण रात्री नऊ-दहाला लावायचं, कारण मेमध्येही इथली रात्र अठ्ठावीसच्या आसपास उतरते. भांडं मातीचं घ्यायचं, त्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वारा लागेल तिथे ठेवायचं. दहा ग्रॅम पाणी उडून जाताना इतकी उष्णता नेतं की, बाहेरून नवी उष्णता शिरली नाही तर, एक लिटर दूध साडेपाच-सहा अंशांनी निवावं. बेचाळीस अंशांची कोरडी हवा, आर्द्रता पंधरा टक्के, अशा दुपारी ओलं फडकं तत्त्वतः बावीस अंशांपर्यंत उतरू शकतं. प्रत्यक्षात तिशीपर्यंत आलं तरी आपलं काम झालं. ज्या कोरडेपणाने पिंगळीकर हैराण होतात तोच इथे कामाला येतो.

आंबिलीचंही तसंच. ज्वारीच्या पिठात ताक घालून ते दुपारच्या पत्र्याखाली ठेवलं तर आंबटपणा तेवढा चढतो. पिठातल्या यीस्टना चाळिशीची उष्णता सोसत नाही, म्हणून हलका फेस आणि वास येत नाही. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येची आंबील नावाजली जाते. ती येते मार्गशीर्षात, थंडीत, आणि तिच्या चवीचं एक कारण मला या ऋतूत दिसतं. त्या दिवसांत मात्र भांड्याला घोंगडी गुंडाळावी, ज्वारीच्या पोत्यांत ठेवावं. जुना नियम तिथे शंभर टक्के खरा आहे.

पाऊस लागला की हवा दमट होते आणि ओल्या फडक्याचा उपयोग फारसा उरत नाही. पण तोवर पाराही तिशीकडे उतरलेला असतो, भांडं नुसतं ओट्यावर ठेवलं तरी चालतं. तरीही जूनमध्ये दही आंबटच येत असेल तर दोष उन्हाळाभर रोज उकाड्यात पुढे चालवलेल्या विरजणाचा असण्याचा संभव मोठा आहे. त्यात उष्णतेचे जंतू माजलेले असतात. शेजारणीचं विरजण मागून आणण्याआधी तिनं मे महिन्यात दही कुठे ठेवलं होतं, एवढं विचारून घ्यावं.