बारगीर आणि बर्गी

मराठ्यांच्या घोडदळांत स्वतःचा घोडा बाळगी तो शिलेदार, व ज्यास घोडा सरकारांतून मिळे तो बारगीर. आमच्याकडे हा केवळ नोकरीचा प्रकार दाखविणारा शब्द होय. बंगाल्यांत मात्र त्याचेच ‘बर्गी’ झाले आणि अर्थ लुटारू असा ठरला. १७४२ सालीं नागपूरकर रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करपंत कोल्हटकर चौथाईसाठीं बंगाल्यांत उतरले; तेव्हांपासून १७५१ पर्यंत वारंवार स्वाऱ्या झाल्या. अवचित यावें, गांवें लुटून जाळावीं, नवाबाची फौज येण्यापूर्वी निघून जावें, अशा या धामधुमीस तेथील लोक ‘बर्गीर हांगामा’ म्हणतात. १७४४ त अलीवर्दीखानानें भास्करपंतांस भेटीस बोलावून दग्यानें मारिलें. तरी अखेर त्यास वार्षिक १२ लक्ष रुपये चौथाई कबूल करावी लागली. ही रक्कम आम्ही अभिमानानें सांगतों. पण तिची किंमत ज्या रयतेनें भरली, तिच्या अंगाईगीतांत बर्गी अजून येतात. आमचा इतिहास लिहितांना तीही साक्ष घेणें आम्हांस न्यायाचें वाटतें.